रिकाम्या शाळेचे वारस

एखादे घर ओस पडले म्हणजे गावातील लोक त्याच्या वारसांविषयी बोलू लागतात, आणि एखादी पेढी बुडाली म्हणजे तिच्या देण्याघेण्याविषयी. परंतु शाळा बंद पडली म्हणजे मात्र, जिच्यावर कायद्याने आपला काडीचाही हक्क नाही हे ज्यांना पक्के ठाऊक असते अशी माणसेदेखील, आपणच तिचे वारस आहोत अशा अधिकाराने तिच्या भवितव्याची चर्चा करू लागतात. जालन्यात आमच्या पेठेच्या टोकाला मिशनची जी जुनी शाळा आहे, तिच्या फाटकाला कुलूप लागल्यापासून ही चर्चा माझ्या कानांवर सतत पडत आली आहे, आणि तिच्यात मी मनापासून भागही घेत आलो आहे. प्रकरण विश्वस्तांच्या विचाराधीन असल्यामुळे शाळेचे नाव येथे देणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याची फारशी आवश्यकताही नाही, कारण दाखल्याच्या माथ्यावर छापलेले ते लांबलचक नाव पेठेत कधी कोणी उच्चारलेच नाही.

इमारत एकमजली आहे. काळ्या पाषाणाच्या जोत्यावर चुन्यात बांधलेल्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती, सागवानी कैच्यांवर चढविलेली मंगळुरी कौले, तिन्ही अंगांनी फिरणारी ओसरी, आणि छताखाली साचणारी ऊन हवा बाहेर जावी म्हणून भिंतींच्या माथ्याशी मुद्दाम राखलेले झरोके, असा तिचा थाट आहे. आणि मराठवाड्याच्या वैशाखात, ज्या वेळी सिमेंटच्या खोल्यांतून माणूस बाहेर पळतो त्या वेळी, या खोल्यांत दुपारच्या प्रहरीही मुले निवांत बसून पाढे म्हणत असत, हे मी स्वानुभवाने सांगतो, कारण याच ओसरीवर माझी पहिली पाटी फुटली आणि याच खोल्यांत मी चौथीपर्यंत शिकलो. अंगणात चिंचेचे झाड आहे. ओसरीच्या तुळईला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, ज्याच्यावर लोखंडी दांड्याने टोला दिला की पेठेतील दुकानदार आपापली घड्याळे जुळवीत असत.

शाळा एका दिवसात बंद पडली नाही. प्रथम पेठेतील बऱ्या स्थितीतील कुटुंबांनी आपली मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे धाडली. मग पट घसरला, पट घसरला म्हणून तुकडी तुटली, तुकडी तुटली म्हणून शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांचे समायोजन दूरच्या शाळांत झाले, आणि शिक्षकच राहिले नाहीत म्हणून उरलेल्या मुलांच्या आईबापांनीही दाखले काढून नेले. यात कोणा एकाचा अपराध शोधणे व्यर्थ आहे. महाराष्ट्रात २०२३ साली शासनाने जी गणना पुढे ठेवली, तिच्याप्रमाणे वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले शिकत होती. या मुलांना एकत्र आणून समूह शाळा काढाव्यात असा विचार त्या वर्षी मांडला गेला आणि त्याला गावोगाव विरोधही झाला. त्या वादात मुलांना किती अंतर चालावे लागेल याची मोजदाद पुष्कळ झाली. परंतु मुले निघून गेल्यावर मागे उरलेल्या वास्तूचे काय, या प्रश्नाला त्यात फारसे स्थान मिळाले नाही. तो प्रश्न कोणत्याही दप्तरात दाखल नसल्यामुळेच बहुधा तो पेठेने आपल्याकडे घेतला असावा.

पेठेतील तर्क ऐकण्याजोगे आहेत, कारण प्रत्येक तर्कामागे सांगणाऱ्याचे अवघे जीवित उभे असते. मोसंबीची आडत चालविणारे आमचे शेठ म्हणतात की, येथे शीतगृह होणार. आंबे बहार आणि मृग बहार या दोन्ही हंगामांत माल पडेल त्या भावाने काढून टाकावा लागतो, आणि ज्याच्यापाशी माल चार दिवस ठेवण्याची सोय नाही त्याला बाजार आपल्या मर्जीने वाकवितो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. बियाण्याच्या दुकानातील मुनीमजींच्या मते येथे गोदाम होणार. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या गावी संकरित बियाण्याची कंपनी काढली, त्या गावात बियाण्याच्या पोत्यांना जागा पुरत नाही ही त्यांची नित्याची तक्रार आहे. लग्नाची मुलगी घरात असलेल्या गृहस्थांना येथे मंगल कार्यालय दिसते, आणि फर्निचरचे काम करणारे चाचा तीच कल्पना शादीखाना म्हणून मांडतात. दोघांनाही सावलीचे अंगण, स्वयंपाकाला मोकळी जागा आणि परवडेल असे भाडे एवढेच हवे आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून आणि ड्राय पोर्टचे नाव निघाल्यापासून जमिनीचे भाव ज्यांच्या जिभेवर असतात, असे तरुण एजंट निःशंकपणे सांगतात की, वास्तू पाडून गाळे निघणार आणि वर फ्लॅट होणार. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले अभ्यासिका म्हणतात. बायकांना हे काहीच पटत नाही. पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून त्या म्हणतात की दवाखाना होऊ दे, बाळंतपणाचा, रात्रीच्या वेळी उघडा असणारा.

"काय व्हायचं ते होऊ द्या, पण काही तरी होऊ द्या, गुरुजी," असे एकदा शेठ मला म्हणाले, "रिकामी वास्तू फार दिवस उभी राहत नाही."

या तर्कांना अफवा म्हणून बाजूला सारणे मला कधीच जमले नाही. ज्या गावात प्रत्येक नागरिकाला आपली गरज अर्जाच्या कागदावर मांडता येते आणि त्या अर्जाला उत्तर मिळते, त्या गावात अशा अफवा उठत नसतील. परंतु जेथे माणसाला आपली निकड कोणापुढे मांडावी हेच कळत नाही, तेथे तो ती रिकाम्या इमारतीवर नेऊन ठेवतो, आणि 'येथे दवाखाना होणार आहे म्हणे' या वाक्यातील 'म्हणे' काढून टाकले की उरते ती एका बाईची मागणी, जी तिने नगरपालिकेच्या काळातही केली होती आणि २०२३ साली महानगरपालिका झाल्यावरही करते आहे. बंद शाळेसंबंधीचे पेठेचे बोलणे कोणी प्रामाणिकपणे टिपून घेतले, तर या शहरात कशाकशाची वाण आहे याची तेवढी विश्वसनीय यादी दुसरी सापडणार नाही, असे मला वाटते.

आणि वास्तूने आपले प्रयोजन पालटणे ही जालन्याला नवी गोष्टही नव्हे. कुंडलिकेच्या एका तीरावर जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद अशी वाढलेली ही जुनी वसती आहे. आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली येथे किल्ला व त्याचा बालेकिल्ला बांधला, आणि ज्या मस्तगडावरून शत्रूवर नजर ठेवावयाची त्याच मस्तगडात पुढे नगरपालिकेची कचेरी बसून घरपट्टीचे हिशेब होऊ लागले. हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे होती. १९०३ साली त्या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपून ती हिंदी सैन्यात सामील झाली आणि छावणी उठली, तेव्हा मागे राहिलेल्या बराकी, बंगले आणि कवाइतीची मैदाने यांच्यासंबंधी त्या वेळच्या गावकऱ्यांनीही असेच तर्क केले असतील. फौज गेल्याने बाजार बसणार म्हणून व्यापारी हवालदिल झाले असतील. परंतु त्याच सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग येथून गेला आणि कापूस व धान्य यांचा व्यापार दुसऱ्याच वाटेने वाढला. सारांश, किल्ला कचेरी झाला, छावणीची वस्ती झाली. यात कोणाला वाईट वाटण्याचे कारण नव्हते. मग शाळेचे गोदाम झाले तर मला वाईट का वाटावे, असा प्रश्न मला शेठजींनीच विचारला होता, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे तर ही शाळा ज्या कार्याची एक शाखा होती त्या कार्याच्या मुळाशी जावे लागते.

ते मूळ नारायण शेषाद्री या पुरुषाच्या चरित्रात आहे. महाराष्ट्राला त्यांचे नाव जे थोडेसे ठाऊक आहे ते त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या प्रकरणामुळे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. अल्पवयीन श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्याला न्यायालयाच्या हुकुमाने बापाच्या ताब्यात देण्यात आले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी जो पक्ष घेतला त्याबद्दल त्यांना सनातन मंडळींचा रोष सोसावा लागला. इतिहासाची पुस्तके श्रीपतापाशी थांबतात. नारायणाचे पुढे काय झाले हे जालन्याने पाहिले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाद्री म्हणून ते एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात या छावणीच्या गावी आले, आणि येथे त्यांच्याभोवती जी माणसे गोळा झाली ती बहुतेक मांग समाजातील, म्हणजे ज्यांना गावाच्या शिवारात काम होते परंतु गावाच्या वेशीच्या आत घर नव्हते अशी होती. या माणसांना नुसता धर्म देऊन भागत नाही, त्यांना उभे राहावयास जमीन पाहिजे, हे नारायणरावांच्या लवकर ध्यानी आले असावे. त्यांनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली, दिवाणांनी ती दिली, आणि जालन्यापासून थोड्या अंतरावर बेथेल नावाचे एक नवे गाव उभे राहिले.

या घटनेचा विचार करताना माझे मन दर वेळी भरून येते. मागणारा जन्माने ब्राह्मण आणि श्रद्धेने ख्रिस्ती, देणारा एका मुसलमान संस्थानाचा दिवाण, पैसा स्कॉटलंडमधील प्रार्थनामंदिरांत जमलेल्या वर्गणीचा, आणि ज्यांच्यासाठी हे सर्व चालले होते ते मांग. या चौघांना एका कागदावर आणणारी दुसरी कोणती भूमी त्या काळच्या मराठवाड्यात होती, हे मला तरी सांगता येणार नाही. धर्मांतराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, आणि माझ्या घरातील वडीलधाऱ्यांचे मत त्याविषयी प्रतिकूलच होते. पण त्याच वडीलधाऱ्यांनी माझे बोट धरून मला मिशनच्या शाळेत नेऊन बसविले, कारण तेथे मास्तर वेळेवर येतात आणि कोणाचे मूल कोणाशेजारी बसले आहे हे पाहत नाहीत अशी तिची ख्याती होती. निजामी अमदानीत तालीमात खात्याच्या शाळांतून उर्दूचे वर्चस्व असताना आणि मराठी शाळा काढावयाची म्हणजे परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागत असताना, मराठी अक्षर शिकण्याच्या ज्या थोड्या जागा आमच्या भागात होत्या त्यांत मिशनच्या खोल्यांची गणना करावीच लागेल. औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन निघाली, आंबेजोगाईला १९१७ साली योगेश्वरी निघाली, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखे पुरुष शाळामास्तर म्हणूनच या भूमीत प्रथम आले. मराठवाड्यात शाळा ही केवळ शिकण्याची सोय कधीच नव्हती, ती माणसाच्या उभे राहण्याची जागा होती. म्हणून शाळेचे गोदाम होणे आणि किल्ल्याची कचेरी होणे या दोन गोष्टी मला एका मापाने मोजता येत नाहीत.

बंद शाळेत दोन वस्तू उरतात, एक वास्तू आणि दुसरी दप्तर. पेठेचे लक्ष सर्वस्वी पहिलीवर असताना दुसरीचे महत्त्व एकाएकी प्रकट झाले ते २०२३ च्या शरद ऋतूत. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर, मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि खासरा पत्रके, जन्ममृत्यूची बाडे, मोडी व उर्दूतील जुने कागद यांच्याबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही कपाटांतून बाहेर निघू लागली. आमच्या कुलूपबंद फाटकापाशीही माणसे येऊन उभी राहू लागली. कोणाचा आजोबा येथे दुसरीपर्यंत शिकला होता, कोणाच्या चुलत पणजोबाचे नाव येथे असेल अशी केवळ आशा होती. निर्गम उतारा कोठे मिळेल, रजिस्टर कोणाच्या ताब्यात आहे, याची विचारणा होऊ लागली. ज्या शाळेत आपली नातवंडे घालावीत असे ज्यांना वाटले नाही, त्यांनाच आपला आजा त्या शाळेत सापडावा अशी तळमळ लागली होती, आणि त्या तळमळीत मला करुणेवाचून दुसरे काही दिसले नाही.

शाळेत मदतनीस म्हणून जन्म घालविलेल्या मावशी फाटकालगतच्या चाळीत राहतात. त्यांच्या घराण्याने चार पिढ्यांपूर्वी दीक्षा घेतलेली. त्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येकाला त्या पाणी देत आणि रजिस्टर कोणाकडे गेले ते सांगत. एकदा मला म्हणाल्या, "गुरुजी, त्या बुकात आमचंबी नाव हाये, पण आमच्या नावापुढं ख्रिस्ती लिव्हलंय, त्याचा आमाला काय उपेग?" मावशींचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने अक्षरशः खरे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. एकाच रजिस्टरातील एक नोंद एका कुटुंबाला दार उघडून देते आणि दुसरी नोंद दुसऱ्याला दाराबाहेर ठेवते. आणि लिहिणारा मास्तर बिचारा केवळ बापाने सांगितले ते टाकाने उतरवून घेत होता. त्या दिवसापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, वास्तूचे काहीही होवो, हे दप्तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत एखाद्या गठ्ठ्यात न जाता त्याची नीट प्रत निघाली पाहिजे, आणि मूळ बाड गावातच, कोणालाही पाहता येईल अशा रीतीने, राहिले पाहिजे.

वास्तूच्या बाबतीत मात्र केवळ मत असून चालत नाही. तेथे मालकी कोणाची, हा प्रश्न प्रथम येतो. आमच्या शेजारी राहणारे निवृत्त तलाठी अप्पा याविषयी जे सांगतात ते ऐकत राहावे. मिशनच्या मालमत्तांची कुळकथा अशी की, १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघाले, १९०० साली त्याचा बहुतांश भाग युनायटेड फ्री चर्चमध्ये मिळाला, १९२९ साली ते पुन्हा मूळ चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये आले. इकडे हिंदुस्थानात १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. प्रत्येक विलीनीकरणाबरोबर कागदावरील धारकाचे नाव बदलावयास हवे होते, आणि कोणत्या गावी ते बदलले व कोठे राहून गेले हे ज्याच्या त्याच्या मालमत्ता पत्रकावर अवलंबून. त्यात निजामी काळची सनद असेल, तर ती इनाम होती की पट्टा होता, इनाम असल्यास अतियात म्हणजे इनामांच्या चौकशीत तिचा मुंतखब, म्हणजे निकालपत्र, निघाला की नाही, आणि जमीन शिक्षणाच्या शर्तीवर दिलेली असेल तर शाळा बंद होताच शर्तभंग होतो की काय, अशी प्रश्नांची माळ अप्पा एका श्वासात ओवतात. शिवाय विश्वस्तांना हे सर्व अनुकूल असले तरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून अशी मिळकत विकता येत नाही, आणि इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. फ्लॅटांचे स्वप्न पाहणारे तरुण अप्पांचे बोलणे ऐकून उठून जातात. मला मात्र त्या कलमात एक मोठा आधार दिसतो: दानाने आलेली वास्तू दात्याच्या हेतूपासून सहजासहजी सुटू नये एवढी काळजी तरी आपल्या कायद्याने घेतली आहे.

दात्याच्या हेतूविषयी बोलावयाचे तर ज्या चर्चने नारायण शेषाद्रींना पाठबळ दिले त्याचाच इतिहास डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. १८४३ ची ती फूट पडली तेव्हा साडेचारशेवर धर्मोपदेशक आपापली मंदिरे आणि राहती घरे सोडून बाहेर पडले. त्यांच्या पक्षाच्या शिक्षकांना शाळा सोडाव्या लागल्या. मुंबई आणि कलकत्ता येथील मिशनऱ्यांनाही आपल्या विद्यालयांच्या इमारती जुन्या चर्चच्या स्वाधीन करून भाड्याच्या जागेत वर्ग भरवावे लागले. अशा रीतीने इमारतींवाचून झालेल्या या मंडळींनी पुढील काही वर्षांत स्वतःच्या वर्गणीतून मायदेशी सातशेच्या घरात शाळा उभ्या केल्या. आणि मग १८७२ साली स्कॉटलंडच्या शिक्षणाचा कायदा झाला, लोकनियुक्त शाळा मंडळे आली, तेव्हा एवढ्या कष्टाने बांधलेल्या त्या शाळा फ्री चर्चने मोठ्या संख्येने सार्वजनिक मंडळांकडे सोपवून दिल्या. आमची मुले शिकली म्हणजे झाले, भिंतींवर नाव आमचे असलेच पाहिजे असे नाही, ही वृत्ती त्यामागे होती असे मी समजतो. इकडे बेथेलची उभारणी होत होती त्याच सुमारास तिकडे हे हस्तांतर चालले होते.

सर्वत्र असे झाले नाही. अमेरिकेतील कॅथॉलिक धर्मपीठांनी १८८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत प्रत्येक पॅरिशने आपली शाळा काढावी असा दंडक घातला. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्या शाळांतून पन्नास लाखांवर मुले शिकत होती, आता वीस लाखांहूनही कमी शिकतात, आणि रिकाम्या झालेल्या त्या विटांच्या इमारतींत कोठे सदनिका झाल्या, कोठे वृद्धांची निवासस्थाने. आणि दूर कशाला जावे, पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्या वाड्यात पुढे दुकाने झाली, वास्तू खचत गेली, न्यायालयात दीर्घकाळ वाद चालला, आणि अखेर २०२३ च्या डिसेंबरात ती राष्ट्रीय स्मारकासाठी जमीनदोस्त करावी लागली. स्मारक होईल ते चांगलेच आहे. पण त्या खोल्यांतून एखादी मुलगी बाराखडी म्हणत राहिली असती, तर वेगळे स्मारक उभारण्याची वेळच आली नसती, असे मला राहून राहून वाटते.

तेव्हा माझे मत मी पेठेत उघडपणे मांडले. ज्यांना वेशीच्या आत बसावयास जागा नव्हती अशांसाठी ही वास्तू झाली. आज आमच्या जिल्ह्यात अशी जागा कोणाला नाही, एवढेच पाहावयाचे. दिवाळी सरली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या बाजूंची कुटुंबे ऊस तोडावयास कारखान्यांकडे जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण आठवी-नववीच्या पुढे गेलेल्या मुलीला मागे ठेवावयाची म्हणजे कोणाच्या भरवशावर, हा आईचा प्रश्न त्या योजनेने पुरता सुटत नाही, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर म्हणून तिचे लग्न उरकले जाते. औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांची मुले आहेत, ज्यांना मराठी शाळेत बसण्यापूर्वी वर्ष-सहा महिने कोणी तरी हाताशी धरावे लागते. या मुलींसाठी वसतिगृह आणि या मुलांसाठी तयारीचा वर्ग, एवढे जरी या छपराखाली झाले तरी सालारजंगांच्या दानाची आणि नारायणरावांच्या श्रमांची कूस उजवली असे होईल.

शेठजींनी यावर जो आक्षेप घेतला तो रास्त होता. वसतिगृहाला उत्पन्न नाही. कौलांचा, विजेचा, स्वयंपाकिणीचा खर्च कोण देणार? चांगल्या हेतूची म्हणून जी इमारत राखली ती पैशावाचून दोन पावसाळ्यांत कोसळली, तर त्या हेतूचे काय राहिले? मी यावर पुष्कळ विचार केला, आणि मला त्यांचे म्हणणे निम्मे मान्य करावे लागले. रस्त्याकडील कार्यालयाची खोली आणि तिच्यालगतचा जुना भांडारगृहाचा भाग भाड्याने द्यावा, त्या भाड्यातून डागडुजी व्हावी, ओसरीची बाजू संध्याकाळी अभ्यासिकेला द्यावी आणि मागील पाच खोल्या मुलींच्या निवासासाठी राखाव्यात, अशी तडजोड आम्ही दोघांनी मिळून केली. शेठजींनी आडतीतून धान्याची सोय करण्याचे वचन दिले. चाचांनी खिडक्यांची तावदाने आणि कोयंडे आपल्या हाताने बसवून देतो म्हणून सांगितले. अभ्यासिकेची मुले मुलींच्या वसतिगृहालगत नकोत असे बायकांनी बजावले, त्यावर दोन बैठका झाल्या, आणि मधल्या बोळात भिंत घालून अभ्यासिकेचे दार रस्त्याकडून काढावे असे ठरले.

अर्ज अप्पांनी लिहिला. कलम ३६ ची अडचण येऊ नये म्हणून मागणी तीनच वर्षांची केली आहे, प्रवेश-निर्गम रजिस्टरांची प्रत काढण्याची विनंती वेगळ्या परिच्छेदात घातली आहे, आणि वसतिगृहात रात्री राहणारी बाई मिशनच्या चाळीतीलच असावी ही मावशींची अट, त्यांच्या आग्रहावरून, शब्दशः नमूद केली आहे. विश्वस्तांच्या कार्यालयातून अर्जाची पोच मिळाली. बैठक वैशाखाच्या आत व्हावी असे आम्ही त्यांना कळविले आहे, कारण मागील दोन खोल्यांवरची कौले फुटलेली आहेत आणि ती बदलण्याचे काम मृगाच्या आधीच उरकावे लागेल.